सात परसांवरचे शंख

बाबा,

परवा वर्गात एका मुलीने हात वर करून विचारलं, "मॅडम, त्या विहीर खोदणाऱ्या माणसाचं पुढे काय झालं?" मी म्हणाले, "माहीत नाही," आणि फळ्याकडे वळले. तो माणूस तुम्ही. दरवर्षी पहिल्या तासाला मी नव्या मुलांना तुमची गोष्ट सांगते. एका अडाणी माणसाने जमिनीतून शेकडो शंख गोळा केले, पण कोणता किती खोलीवर सापडला हेच लक्षात ठेवलं नाही, म्हणून सगळे वाया गेले. मुलं वहीत उतरवून घेतात. ती गोष्ट खोटी आहे, आणि तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाल्यावर ती तुम्हालाच सांगायला बसले आहे.

आपल्याकडच्या पूर्णाकाठच्या गाळात कितीही खोदलं तरी खडक लागत नाही. काळी माती, मग पिवळी, मग बारीक वाळू, पुन्हा पिवळी. संध्याकाळी तुम्ही घरी येता तेव्हा भुवयांवरही पिवळी माती असते आणि मूठ मिटलेली असते. आई भाकरी थापते आहे. तुम्ही चुलीच्या उजेडात मूठ उघडता, गोगलगायींचे नखाएवढे शंख फुंकून साफ करता, फडक्यात बांधता आणि फडक्याच्या टोकाला गाठी मारत जाता. हात वर करून उभं राहिल्यावर तुमची जेवढी उंची, तो तुमचा एक परस, आणि जितके परस खोल तितक्या गाठी. फडकंही कुठलंही चालत नसे. ज्या घरची विहीर त्याच घरून मागून आणायचं, जुन्या लुगड्याचं, धोतराचं, एकदा तर तालुक्याच्या कापडवाल्या चाचांच्या हिरव्या चादरीचं. लिहिता न येणाऱ्या माणसाची ती वही होती.

"हे पाय बाई," तुम्ही मला सांगता, "चार परसावर हे लांबोडके. हे वल्या गवतातले. सातावर हे गोल, चपटे. हे तळ्यातले, वाहत्या पान्यात हे राह्यत नाही."

"आणि मधल्या फडक्यात?"

"मधात शंखच नाही. नुस्ते चुन्याचे खडे. म्हंजे मधात पाऊस रुसला व्हता."

"किती वर्षं?"

"ते मले काय ठाऊक? तुह्या आजाच्या आजालेबी ठाऊक नसन."

आपल्या खारपाणपट्ट्यात लोक तुम्हाला बोलवायचे ते यासाठीच. गोल शंख दिसले की खाली गोड्या पाण्याची वाळू आहे, आणि तिथे थांबायचं, कारण त्याच्या खाली पुन्हा खारं, हे तुम्हाला त्या गाठींनी शिकवलं होतं.

मी खामगावला कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते. विज्ञान प्रदर्शन होतं. दिवाळीत घरी आले तेव्हा मी शंख मागितले आणि तुम्ही फडक्यांची पत्र्याची पेटी तशीच्या तशी पुढे केली. इतकंच म्हणालात, "गाठी सोडू नको बाई. सोडल्या का मंग ते नुस्ते शंख." मी हो म्हटलं. होस्टेलच्या खोलीत पेटी उघडली, तर त्या मळक्या चिंध्यांची मला लाज वाटली. दुसऱ्या मुलींच्या टेबलांवर थर्माकोलचे ज्वालामुखी उभे राहत होते. मी सगळ्या गाठी सोडल्या, शंख एका बादलीत धुतले, लहान-मोठे लावून निळ्या कागदावर डिंकाने चिकटवले आणि त्यांचं मोठं फूल केलं. फार सुंदर दिसत होतं ते. फडक्यांनी टेबल पुसलं.

तुम्ही एसटीने आलात, इस्त्रीचा पांढरा सदरा घालून. त्याच वेळी पुण्याहून आलेले भूगर्भशास्त्राचे एक सर माझ्या टेबलापाशी वाकले होते. ते जुन्या काळातल्या पावसावर काम करायचे. त्यांनी भिंग काढलं आणि त्यांचा चेहरा पालटला. "हे पूर्णेच्या गाळातले? किती विहिरींमधले? आणि कोणता किती खोलीवरचा?" तुम्ही फुलाकडे पाहत होतात, मग टेबलाखालच्या ओल्या चिंध्यांकडे पाहिलंत. तेवढ्यात माझ्या तोंडून शब्द गेले. "सर, वडिलांनी गोळा केलेत. ते शिकलेले नाहीत. नोंद ठेवायची असते हे त्यांना कळलं नाही."

सर तुमच्याकडे वळले. "काहीच आठवत नाही का हो?"

तुम्ही माझ्याकडे पाहिलं नाहीत. हात जोडलेत आणि म्हणालात, "नाही साहेब. ध्यानात नाही राह्यलं. चूक झाली."

त्या अर्ध्या मिनिटात मला बोलता आलं असतं. पण सर मला विचारत होते, पुढे शिकायला पुण्याला येणार का, आणि मी मान हलवत होते. स्टँडवर गाडीची वाट पाहताना तुम्ही मला रागावाल म्हणून मी आधीच रडायच्या बेतात होते. तुम्ही शेंगदाण्याची पुडी माझ्या हातात दिलीत आणि विचारलंत, "त्या साहेबाले कामी येतीन ना ते?"

"येतील."

ते कामी येणार नव्हते. थर माहीत नसलेला शंख शोभेला ठेवतात, असं सरांनी जाताना सांगितलं होतं. तो कागद कॉलेजच्या कपाटावर पडून राहिला. तुमच्या शेवटच्या आजारपणात फोनवर तुम्ही पुन्हा विचारलंत, तेव्हा मी सांगितलं की पुण्यात त्यांच्यावर मोठं संशोधन झालं. आई सांगत होती, भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला तुम्ही ते ऐकवत होतात.

आज मी प्रयोगशाळेत शंखाच्या एकेका रेघेवरून दाण्याहून बारीक भुकटी खरवडते. गोगलगाय जगली त्या एकदोन वर्षांत पाऊस कसा होता, ते त्यातून कळतं. तळं, मग कोरडे दिवस, मग ओलं गवत, ही तुम्ही चुलीपाशी सांगितलेली ओळ बरोबर होती. पण ती दाखवायला सगळ्या गावांचे थर लागतात, आणि त्या विहिरी आता बुजवल्या आहेत किंवा आतून सिमेंटने बांधून काढल्या आहेत. मी दोनदा जाऊन आले. तुमच्या फडक्यांत जे होतं ते पुन्हा मिळायचं नाही.

हे कागद मी घडी करून ठेवून देईन, दुसरं काय करणार. एक मात्र सांगायचं राहिलं. काल मी वर्गात जाऊन म्हणाले की ती गोष्ट चुकीची होती. त्या माणसाने चोख नोंद ठेवली होती, गाठी मारून, आणि त्या गाठी एका विद्यार्थिनीने सोडल्या. त्याच मुलीने पुन्हा हात वर केला. "ती कोण होती, मॅडम?"

मी म्हणाले, तास संपला.

बाबा, तास संपायला अजून दहा मिनिटं होती.