तळमजल्यावरच्या नाचाच्या वर्गाबाबत

मी, रामकिसन कडुबा गाडेकर, वय ७१, पाटबंधारे खात्यातून निवृत्त, राहणार सिडको, छत्रपती संभाजीनगर. दोन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला, पण डोके शाबूत आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. पुढील मजकूर माझ्या मर्जीने सांगून लिहून घेतला आहे. यापूर्वी मृत्युपत्र केलेले नाही.

१. वरचा मजला, बँकेतील ठेवी व चितेगावचा प्लॉट मुलगा अजिनाथ यास.

२. तळमजल्यावरचा हॉलही अजिनाथच्याच नावे होईल. परंतु तिथे योगिनी पळसकर यांचा अपंग प्रौढांसाठी नृत्योपचाराचा वर्ग भरतो. निदान चार माणसे येत आहेत तोवर तो भरेल. तोवर हॉल विकू नये, भाड्याने देऊ नये, चाकाच्या खुर्च्यांसाठी केलेला ओट्याचा उतार फोडू नये.

कारण लिहितो. माझी पत्नी रत्नमाला हिचा डावा पाय लहानपणी पोलिओने गेला. पन्नाशीनंतर तिने योगिनीबाईंचा हा वर्ग आमच्या हॉलमध्ये भरवायला घेतला व स्वतःही त्यात जाऊ लागली. पाहुण्यांना मी "फिजिओथेरपी" असे सांगत असे. माझा भाऊ केरबा याने जेवताना विचारले, "वैनी आता नाचणार व्हय?" मी हसलो. वर्षभरात ती दोनऐवजी एका कुबडीवर जिना चढू लागली. तेही कोणाला सांगितले नाही, कारण कशाने ते सांगावे लागले असते.

तिच्या दहाव्याला कायगावच्या घाटावर कावळा पिंडाला शिवेना. अजिनाथने, केरबाने नाना गोष्टी कबूल केल्या. दीड तास गेला. शेवटी मी म्हणालो, "वर्ग बंद पडणार नाही." कावळा आला. त्याला भूकही लागली असेल. पण शब्द सगळ्या भावकीने ऐकला.

पुढे अजिनाथ म्हणाला, "अण्णा, कावळ्यापुढं दिलेला शब्द कोर्टात चालत नाही." त्याचे बरोबर आहे. म्हणून हा कागद.

३. केरबा यास काही नाही. हसल्याबद्दल माझाही वाटा कापायचा होता. तशी तरतूद नाही, असे वकील म्हणाले.

४. रत्नमालाच्या कुबड्या उंची जुळेल त्यास द्याव्यात. हार घालून भिंतीला लावू नयेत.

५. झटक्यानंतर मीही वर्गात बसतो. ताल चुकला की शेजारच्या खुर्चीतल्या गोजरबाई विचारतात, "सायेब, फाईल अडकली का?" त्यांची जागा खिडकीजवळच ठेवावी.

छत्रपती संभाजीनगर, दि. २ जुलै २०२५

(सही) रामकिसन कडुबा गाडेकर

साक्षीदार: वरील सही त्यांनी आम्हा दोघांसमोर झटक्याने अधू झालेल्या उजव्या हाताने केली. अंगठा चालेल असे आम्ही दोनदा सांगितले. ते म्हणाले, "अंगठा कोणाचाही धरून लावता येतो." सहीला सहा मिनिटे लागली. त्यांचा हात कोणी धरला नव्हता.

१. (सही) डॉ. अमृता दांडगे
२. (सही) शिवम काळे, शेजारी