चंद्रव्वाची वकील

१ डिसेंबर, सोमवार

बार रूममध्ये आज एकच विषय — ते विधेयक! कुण्या खासदाराने मांडलंय. अशिलाच्या पैशाचा संशय आला तर वकिलाने सरकारला कळवायचं. नाही कळवलं तर वकीलच गुन्हेगार. खासगी विधेयक आहे, असली कधी पास होत नसतात. पण आमचे लोक असे तापलेत की जणू उद्यापासूनच अंमल.

वीरभद्रप्पा सर — बारचे अध्यक्ष, माझे जुने सीनियर — सगळ्यांदेखत म्हणाले, "निषेधाचा ठराव हिला लिहू दे. हिचं मराठी चांगलं आहे." चांगलं मराठी म्हणजे फुकटचं काम. बरं म्हटलं.

२ डिसेंबर, मंगळवार

शरणबसवचं खरेदीखत आज नोंदवलं. होटगीकडची दोन एकर. हे सातवं. शरणबसव प्लॉटिंगवाला, चार वर्षांपासून माझा सगळ्यात नियमित अशील. स्वतःच्या नावावर काही घेत नाही. शेतजमीन घ्यायला शेतकरी असावं लागतं, तो नाही. म्हणून सगळं चंद्रव्वाच्या नावावर. चंद्रव्वा त्याच्या घरी भाकरी करते. मैंदर्गीची, विधवा, साठी उलटलेली. गावाकडे तिच्या नावावर अर्धा एकर आहे, तेवढ्यावर ती कायद्याने शेतकरी!

मशीन तिचा अंगठा घेईना. दर वेळी हेच. भाकरी थापून आणि भांडी घासून रेषाच राहिल्या नाहीत. ओल्या रुमालाने पुसला, मग मीच तो काचेवर दाबून धरला. चौथ्या वेळी घेतला. शरणबसव म्हणाला, "अव्वाला आमी घरचंच मानतो की, म्याडम." ती हसली. तिला मराठी मोडकंतोडकं येतं. मला कन्नड येतं, आमच्या घरात तेच बोलतात. पण तिच्याशी मी आजवर "बर्री, कुंद्री" — या, बसा — यापलीकडे बोललेली नाही.

पैसा कुठला, हे मी विचारत नाही. चार वर्षांत एकदाही नाही. नियम आहे माझा. बरा चाललाय.

३ डिसेंबर

ठराव लिहिला नाही. डोकं दुखतंय.

५ डिसेंबर, शुक्रवार

दुपारी कॅन्टीनमध्ये लोकसभा. एक मोबाईल, त्यावर वाकलेले दहा काळे कोट. विधेयक मांडणारा खासदार आवाज न चढवता बोलत होता. "बँकेने कळवायचं, सीएने कळवायचं, सोनाराने कळवायचं — वकील तेवढा देवाघरून आला काय?" आमच्या टेबलावर शिव्या. मग विरोधातल्या एक बाई उठल्या. "अशील घाबरला तर खरं सांगणार नाही. आणि खरंच कळलं नाही तर वकील त्याला वाचवणार कसा?" टाळ्या! म्हणजे कॅन्टीनमध्ये. तिकडे सभागृहात बाकं रिकामी, दोघेतिघे फोनमध्ये डोकं घालून. मग वेळ संपली. चर्चा अपुरी. पुढच्या वेळी चालू, म्हणजे कधी, देव जाणे.

खरं सांगायचं तर मला दोघांचंही पटलं. माझं हे नेहमीचंच.

घरी येऊन तासाभरात ठराव लिहून टाकला. त्या बाईंचं वाक्य जरा फिरवून घेतलं.

८ डिसेंबर, सोमवार

ठराव एकमताने मंजूर. सरांनी मलाच बोलायला लावलं. मी म्हणाले, "अशील जे सांगतो ते अशिलाचं. आपण राखणदार, मालक नव्हे." चांगलं झालं भाषण. फार दिवसांनी कुणी माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

कुणीतरी व्हिडिओ ग्रुपवर टाकला. चारच्या सुमाराला शरणबसवचा फोन. "म्याडम, लई भारी बोलला की! आमाला तुमचाच आधार हाय बगा." आणि संध्याकाळी मिठाईचा बॉक्स.

बॉक्स शेजारी देऊन टाकला. का, ते माहीत नाही.

९ डिसेंबर, मंगळवार

चंद्रव्वा आली. एकटी! अक्कलकोटहून एसटीने उतरली आणि विचारत विचारत कोर्टात पोचली. तिची निराधारची पेन्शन बंद झालीय. तीन महिने खात्यात काही नाही, म्हणून ती आधी अक्कलकोटच्या तहसीलला गेली. खिडकीवरच्या माणसाने कॉम्प्युटर बघून सांगितलं, "आजी, तुमच्या नावावर सात ठिकाणी जमीन हाय. तुमी कसल्या निराधार?" मागची रांग हसली म्हणे. तिला वाटलं, दुसरीच कुणी चंद्रव्वा असेल. मग त्याने तिचाच फोटो दाखवला.

"सगळे कागद तुमीच केले न्हवं?" तिने विचारलं. मी होय म्हटलं. मग कन्नडमध्ये, अगदी सरळ आवाजात — "नीव यार वकील री?" तुम्ही कुणाच्या वकील?

मी म्हटलं, बघते. बावीस वर्षं प्रॅक्टिस झाली आणि तोंडातून काय निघालं — बघते!

१० डिसेंबर

सातही फायली काढल्या. प्रत्येक खरेदीआधी पेपरात दिलेली जाहीर नोटीस, प्रत्येक नोटिशीत तेच वाक्य: "आमचे अशील श्रीमती चंद्रव्वा यांनी खालील मिळकत खरेदी करण्याचे ठरविले आहे." खाली माझं नाव. फीच्या पावत्याही तिच्याच नावाच्या, शरणबसवला तशाच हव्या होत्या. सात वेळा पेपरात छापून मी गावाला सांगितलंय की मी चंद्रव्वाची वकील. तिला सोडून सगळ्यांना.

म्हणजे परवा ज्या गुपितासाठी मी टाळ्या घेतल्या, ते गुपित शरणबसवचं नव्हतंच. ते चंद्रव्वाचं होतं. तिला ठाऊकच नसलेलं.

अशिलाच्या गुपिताबद्दलचं साक्ष कायद्यातलं कलम पुन्हा वाचलं. अशिलाची स्पष्ट संमती असेल तर वकील बोलू शकतो. शिवाय बेकायदा कामासाठी वकिलाचा वापर झाला असेल, तर गुपिताला संरक्षणच नाही. हे परीक्षेत लिहिलं होतं मी. मार्कही मिळाले होते.

११ डिसेंबर, गुरुवार

सरांना सांगितलं, नावं न घेता. त्यांनी अर्ध्यातच ओळखलं. "गप बस. फायली परत कर आणि मोकळी हो. ठराव तू लिहिलास, आता तूच उठून सांगायला गेलीस तर बार तोंडात शेण घालील. आणि पहिली अडकेल ती म्हातारी. दुसरी तू."

बरोबरच बोलले. राग आला तो याचाच.

१२ डिसेंबर, शुक्रवार

शरणबसव स्वतः आला. चंद्रव्वाच्या पेन्शनचं त्याला कळलंय. चिडला नव्हता, उलट गोडच बोलत होता. "अव्वानं कशाला तरास घ्यायचा? मला सांगायचं की! पेन्शनच्या दुप्पट मी देतो म्हैन्याला." मंगळवारी बक्षीसपत्र करायचं. सातही जमिनी चंद्रव्वाकडून त्याच्या बायकोला बक्षीस. बायको माहेरची शेतकरी आहे, ते आता आठवलं याला. "तुमी फक्त कागद करा, म्याडम."

पहिल्यांदाच विचारलं — शरणबसव, हा पैसा कुणाचा?

तो हसला. "असलं तुमी विचारत न्हाय म्हणून तर तुमच्याकडं येतो की."

कुणी कानाखाली मारली असती तरी इतकं लागलं नसतं.

तरी मसुदा टाईप केला. हात सवयीने चालतात.

१४ डिसेंबर, रविवार

चंद्रव्वाला घरी बोलावलं. सातही दस्त कन्नडमध्ये समजावून सांगितले. पहिल्यांदाच. तिने अंगठे दिले तेव्हा तिला वाटत होतं, मालक तिच्या पेन्शनचं काहीतरी करतोय. तो तसंच म्हणायचा. मी शेजारीच उभी असायचे. त्याचं बोलणं मला ऐकू येत होतं, हेही आज इथे लिहून ठेवते.

तिने विचारलं, "पैसा कुठला?"

"माहीत नाही."

"तुमी विचारलं न्हाय?"

"नाही."

तिने सगळे दस्त एकावर एक रचून माझ्याकडे सरकवले.

मग दोन्ही वाटा सांगितल्या. बक्षीसपत्र केलं तर जमिनी जातील, पेन्शनचा अर्ज पुन्हा करता येईल, कुणी काही विचारणार नाही — बहुतेक. आणि आयकर खात्याला कळवलं तर बेनामी जमिनींची चौकशी. पुण्याला खेटे. पहिले प्रश्न तिलाच. भाकरीचं काम तर त्याच दिवशी जाईल. मी काही लपवलं नाही, आणि कुठल्या बाजूला ढकललंही नाही. निदान तसं मला वाटतं.

तिने चहा संपवला. मग म्हणाली — कन्नडमध्ये म्हणाली, मी इथे मराठीत लिहिते — "बक्षीस द्यायला आधी ते माझं असाया पायजे की. माझं नसलेलं मी बक्षीस दिलं म्हणून पुन्हा अंगठा देऊ? आत्तापर्यंतचे न कळता दिले. हा कळून व्हईल." आणि भाकरीचं? "भाकरी कुटंबी थापता येती."

निघताना दारात थांबली. "आणि तुमचं काय व्हईल, बाई?"

सनद जाऊ शकते, म्हटलं.

"मग ईचार करा," म्हणाली, आणि जिना उतरली.

मलाच सांगून गेली! मला!

१५ डिसेंबर

ईचार केला.

१६ डिसेंबर, मंगळवार

बक्षीसपत्र झालं नाही. शरणबसव नोंदणी कचेरीत दुपारपर्यंत थांबला, त्याचे अकरा मिस्ड कॉल आहेत. चंद्रव्वा सकाळीच माझ्याकडे आली होती. संमतीपत्र दोनदा वाचून घेतलं आणि मगच अंगठा दिला. तक्रार स्पीड पोस्टाने पुण्याच्या आयकर कार्यालयाकडे गेली. कुणाविरुद्ध, या रकान्यात दोन नावं आहेत. एक शरणबसवचं. दुसरं माझं.