अक्का, कर्णा आला होता

प्रिय अक्का,

काल दुपारी केरळहून परत आले. बुटांचा चिखल अजून निघालेला नाही, पिशव्या तशाच पडल्यात, आणि मी आधी तुलाच लिहायला बसले. घरात सगळे विचारतायत, किती पक्षी दिसले, फोटो दाखव. पण जे घडलं ते तुझ्याशिवाय कोणाला सांगून कळणार?

हो, गेले मी! उदगीर-लातूरकडची एक गाडीभर माणसं आणि बरोबर एक गाईड. आधी वर डोंगरातलं धुक्याचं रान, मग खाली सखल भागातलं, जिथे ऊन जमिनीपर्यंत पोचतच नाही. दर वर्षी तू म्हणायचीस, "उदगीर जिल्हा झाला की जाऊ." जिल्हा काही झाला नाही गं, तू मात्र निघून गेलीस. असं कोणी थांबतं का?

तू का टाळायचीस ते मला ठाऊक आहे. पक्षी बघणारे अंधारात निघतात, आणि तुला इष्टलिंगाच्या पूजेशिवाय पाण्याचा घोटसुद्धा चालायचा नाही. डोंगरात माझाही तोच घोळ झाला. मी खोलीत पूजा आटपून येईपर्यंत सगळे गाडीत बसून वाट बघायचे. गाईड सारखा घड्याळ बघायचा. आणि तुझा कर्णा, आपल्या दुकानातल्या कॅलेंडरवरचा तो लाल पोटाचा पक्षी, ज्याच्यासाठी वर्ष संपलं तरी तू ते पान फाडू दिलं नाहीस, तो रोज माझ्यामुळेच हुकतोय असं वाटायला लागलं. जीव नुसता तुटत होता.

शेवटच्या दिवशी मी पूजा न करताच निघाले. म्हटलं, रानात करीन.

खालच्या रानात ओढ्याशी गाईडनं सगळ्यांना बसवलं. कर्णा इथंच येतो, कोणी हलायचं नाही, म्हणाला. मी हात-तोंड धुतलं, खडकावर बसले, गळ्यातलं लिंग डाव्या तळहातावर घेतलं आणि एकटक बघत राहिले. पाणी किती होतं अक्का! पानापानावरून ठिबकत होतं. मला लातूरला रेल्वेनं पाणी आलं तो उन्हाळा आठवला. तू गच्चीवर एका तांब्यात पूजा भागवायचीस, आणि त्यातलंच थोडं पाखरांच्या वाटीत ओतायचीस. मी किती चिडायचे! "टँकरच्या रांगेत मी उभी राहायची, आणि पाणी पाखरांना?" तू शांतपणे म्हणायचीस, "पाखरायला कोन टँकर धाडतंय गं?"

तेवढ्यात आमच्या गटातले देवणीचे जनावरांचे डॉक्टर कानाशी कुजबुजले, "ताई, वर बघा वो. आलाय!"

आता काय करायचं? लहानपणापासून तूच दटावलेलं, "नजर हालली की पूजा मोडली बघ." तळहातावर लिंग, आणि वर तुझा कर्णा!

मी नजर उचलली, अक्का.

अगदी डोक्यावरच्या फांदीवर बसला होता. काळं डोकं, गळ्याशी पांढरा पट्टा, खाली लालभडक पोट. आणि इतका स्थिर, पूजेला बसल्यासारखा! मला रडूच आलं. तो उडाला तसे मी पुन्हा हात धुतले आणि पूजा पहिल्यापासून केली. या वेळी कोणी घड्याळ बघितलं नाही.

रागावलीस? रागावू नकोस. त्याच दुष्काळात एकदा पूजा संपल्या संपल्या तू मला विचारलं होतंस, "वाटीवर ते पिवळं कोन आल्तं गं?" हळद्या होता तो. पण तुझी नजर तर तळहातावर होती ना? मग पिवळं दिसलं कसं? तेव्हा विचारायचं सुचलंच नाही बघ. रानात सुचलं, आणि हसू आलं.

तुला माती देताना समाधीत बसवलं तेही पूजेला बसवावं तसंच. तळहातावर तुझं लिंग ठेवलं, आणि माझ्या मनात एकच आलं, आता हिला वर बघता यायचं नाही. इतके दिवस तेच खुपत होतं.

म्हणून शब्द देते. गच्चीवरची वाटी मी कोरडी पडू देणार नाही, पाणी टँकरचं असलं तरी. तू निवांत बस. नजर हलवू नकोस. कोण आलं होतं ते मी सांगत जाईन.

तुझीच,
गौरा