माळ्यावरची काठी

प्रिय ताई,

पळून गेलास, पळून गेलास, हे आणखी किती वर्षं ऐकवणार आहेस? परवा तर शेजारच्या काकूंसमोर फोनवर म्हणालीस, आमचा भाऊ तिकडे पैसेवाल्यांना आडवं पडून पाय वर करायला शिकवतो आणि इथे बाप आडवा पडलाय तो त्याला दिसत नाही. काकू हसल्या, ते मला ऐकू आलं. मी तडकून फोन ठेवला. आपलं बोलणं फोनवर कधी पुरं होतच नाही, म्हणून लिहायला बसलोय. सातवी नापासाचं अक्षर आहे, सांभाळून घे. आणि मधेच चिडून फाडू नकोस. मला जे सांगायचंय ते शेवटी आहे, कारण ते आधी लिहायचं धाडस होत नाही.

तुला वाटतं तितकं हे काम सोपं नाही गं. पहिले चार महिने मी इथे मॅडमच्या व्यायामशाळेत नुसती फरशी पुसली आणि यंत्रांना तेल दिलं. यंत्र म्हणजे लांब पलंगासारखी चौकट, तिच्यात चाकांवर मागेपुढे सरकणारी गादी, आणि त्या गादीला खालून पाच स्प्रिंगा. माणूस गादी ढकलतो, स्प्रिंगा तिला परत ओढतात. ह्या व्यायामाला पिलाटेस म्हणतात. एक दिवस एक बाई पाय ढकलताना खांदे पार कानाला लावत होत्या. मॅडम दहा वेळा म्हणाल्या, खांदे खाली, खांदे खाली. मी पुसता पुसता बोलून गेलो, त्यांनी श्वास धरून ठेवलाय, तो आधी सोडायला सांगा. बाईंनी श्वास सोडला आणि खांदे आपोआप उतरले. मॅडमनी विचारलं, हे कुठे शिकलास? म्हटलं, कपाट उचलताना.

आठवतं ना, अप्पा लोकांची कपाटं तीन-तीन मजले चढवायचे आणि मी खालची बाजू धरायचो. ते ओरडायचे, भिंगरी, छातीत वारा भरून उचलू नकोस, सोड आणि मग उचल, नाहीतर कंबर जाईल. पाय रोव, ओझं अंगाजवळ घे, मान मोकळी ठेव. मॅडमकडच्या जाड पुस्तकात हेच आहे, फक्त चित्रं काढून. त्यांनी मला हाताखाली घेतलं. कोपऱ्यात प्लास्टिकचा सांगाडा टांगलाय, त्याला मी सासरेबुवा म्हणतो. रोज त्यांचा खुबा हातात धरून बघायचो, गोळा वाटीत कसा फिरतो, कुठे अडतो. आकडे मोजत ओरडणं म्हणजे शिकवणं नाही, हे तेव्हा कळलं. समोरच्याचा भार कुठून कुठे चाललाय ते दिसलं, तरच काही शिकवता येतं.

दिसलं, असं मला वाटायचं.

मागच्या महिन्यात एक म्हातारे शिंपी यायला लागले. खुबा मोडून बरा झालेला, पाय काडीसारखे. जन्मभर शिवणयंत्रावर वाकून बसल्यामुळे पाठीला बाक. मॅडमनी त्यांना उभ्यानं करायचा व्यायाम दिला होता. हात समोरच्या दांड्यावर, एक पाय जमिनीवर, दुसरा सरकत्या गादीवर, आणि तो पाय हळूहळू मागे ढकलायचा. मॅडमनी दोन स्प्रिंगा लावून दिल्या आणि पलीकडच्या खोलीत गेल्या. शिंपीकाकांचा पाय थरथरत होता. मला कणव आली. म्हटलं, म्हाताऱ्याला एवढं कशाला, हलकं करू. जाड स्प्रिंग काढली आणि नुसती बारकी ठेवली.

त्यांनी पाय ढकलला मात्र, गादी सुटलीच. परत ओढायला मागे जोरच उरला नव्हता. पाय मागे, अंग पुढे. मी काखेत हात घालून धरलं म्हणून वाचले, नाहीतर तोच खुबा पुन्हा मोडला असता. मनगट मात्र मुरगळलं.

मॅडम ओरडल्या नाहीत. त्यांनी मला त्या गादीवर तसंच उभं केलं, सगळ्या स्प्रिंगा काढल्या आणि म्हणाल्या, ढकल. मी तरणाताठा माणूस, पण पायाखालून जमीन निघाल्यासारखं झालं. मग म्हणाल्या, तू त्यांचं ओझं काढलं नाहीस, त्यांचा आधार काढलास. झोपून ढकलताना जी स्प्रिंग ओझं असते, तीच उभ्यानं ढकलताना माणसाला धरून ठेवते. काढायच्या आधी विचारायचं, हिनं काय धरलंय?

ताई, त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. मॅडमना वाटलं, शिंपीकाकांमुळे. तेही होतंच. पण माझ्या डोळ्यांसमोर आपला माळा होता.

अप्पांची काठी तुला माळ्यावर सापडली होती. तू धरून बसलीस की त्यांनीच रागानं भिरकावली, कारण काठीला ते म्हातारपणाचं सोंग म्हणायचे. आजही भरवताना, पुसताना त्यांना ऐकवतेस, हेकटपणा केलात, काठी टाकलीत, आता भोगा आणि मलाही भोगायला लावा.

काठी त्यांनी टाकली नाही. मी ठेवली. गुडघा गेल्यापासून ते काठीला धरून खुरडत चालायचे, मला बघवायचं नाही. तीन मजले कपाट नेणारा माणूस! वाटलं, काठीची सवय मोडली की पाय आपोआप सुटेल. सकाळी ते उठायच्या आत स्टुलावर चढून काठी वर सरकवली. ते मोरीकडे जायला उठले, सवयीनं कोपऱ्यात हात नेला, तिथे काही नव्हतं, आणि ते पडले. पुढचं तुला माहीत आहे. आठ दिवसांनी मी इकडे निघून आलो. तेव्हा पळून गेलास म्हणतेस ते खोटं नाही. मी उगाच भांडत होतो.

आणि अजून एक. मी स्टुलावर असताना अप्पा जागे होते. आमची नजरानजर झाली. मला वाटलं, आता शिवी हासडतील. त्यांनी नुसती कूस वळवली. दीड वर्ष तुझी बोलणी खाल्ली, पण माझं नाव घेतलं नाही.

शिंपीकाका आठ दिवसांनी परत आले, मनगटाला पट्टी बांधून. म्हणाले, ह्यालाच बोलवा, हा धरतो तरी. मी दोन्ही स्प्रिंगा लावल्या, दोनदा हलवून बघितल्या. कालपर्यंत ते बारा वेळा ढकलायला लागलेत.

हे पत्र अप्पांना मोठ्यानं वाचून दाखव. मग तुला मला काय बोलायचं ते बोल, ह्या वेळी मी फोन ठेवणार नाही. डॉक्टर वर्षभर सांगताहेत त्यांना उभं करा, आणि तू भीतीनं करत नाहीस. ती भीतीसुद्धा माझीच देणगी. आता कर. डॉक्टरांकडच्या त्या व्यायामवाल्या बाईंना पहिले काही दिवस घरी बोलव, एकटीनं नको. ढुंगण खुर्चीच्या कडेला, पावलं गुडघ्यांच्या जरा मागे, नाक पायाच्या बोटांवर येईल इतकं पुढे वाकायचं, श्वास सोडायचा आणि उठायचं. श्वासाचं त्यांना शिकवू नकोस, ते तुलाच शिकवतील. सुताराला बोलावून पलंगापासून मोरीपर्यंत भिंतीला दांडा ठोकून घे. अप्पांनी उभं राहून हात खाली सोडला की मनगटाची घडी जिथे येते, तेवढ्याच उंचीवर, अंदाजपंचे नको. काठीही नवी घे, त्याच मापाची, आणि त्यांचा हात पोचेल तिथे ठेव. दांड्याचे चौदा हजार, काठीचे सहाशे, मिळून चौदा हजार सहाशे पाठवतोय.

तुझाच,
भिंगरी