भिजत घातलेला घेवडा

प्रिय वाल्देसीर,

फुटबॉलमध्ये बचावपटू होतास तेव्हा दर रविवारी सुजलेले गुडघे घेऊन घरी यायचास आणि मी ते शेकत बसायचे. प्रशिक्षक झाल्यापासून क्लबने काढून टाकलं तरच घरी येतोस. मग मी डुकराचं मांस घालून काळा घेवडा रांधते. शेजारची झुल्मिरा गल्लीभर ऐकू जाईल असं ओरडते, "मार्लुसा, वास सुटलाय गं! हाकललं वाटतं तुझ्या म्हाताऱ्याला?"

आज रेडिओवर म्हणाले, कपची ही मॅच हरलास तर तिकडे दूर मनाउस शहरातली तुझी नोकरी संपली. मध्यंतराला तुम्ही एका गोलने मागे होतात. मी गुपचूप घेवडा भिजत घातला.

शेवटी शेवटी तुझ्या पोरांनी दोन गोल केले आणि मी अशी किंचाळले की झुल्मिरा भिंतीपलीकडून म्हणाली, "बाई, एकदाचं ठरव, नवरा हवाय की कप?"

हे तुला पाठवणार नाही. हरण्याची वाट बघणारी बायको कुठल्या प्रशिक्षकाला हवी असते?

भिजलेला घेवडा काही परत सुकत नाही. उद्या झुल्मिरा आणि मी, आम्ही दोघी तो जेवू. तू जिंकत राहा. फक्त रात्री गुडघे शेकत जा रे, स्वतःच्या हाताने का होईना.

तुझीच,
मार्लुसा