बाजूले हो वं

२० नोव्हेंबर १९७७, रविवार

ट्रॅक्टर आला एकदाचा. शेजारच्या गुप्ताजींचा ट्रक पारशिवनीकडून रिकामा परतत होता, त्यात टाकून आणला. वाडीतल्या गोदामाचे हमाल उतरवायला आले. लहानसाच आहे, संत्र्याच्या दोन ओळींतून जाईल एवढा. बसून चालवायचा, विलायती. कंपनीचं नाव गंजून गेलेलं. पारशिवनीच्या देवराव पाटलांच्या गोठ्यामागे बाभळीखाली वर्षानुवर्षं पडून होता. मागच्या महिन्यात शाळेतल्या एका सहकाऱ्याबरोबर त्याच्या गावी संत्री आणायला गेलो तेव्हा दिसला. सहज विचारलं, तर देवराव म्हणाले, "घेऊन जा ना मास्तर. मले फक्त थो डोळ्यापुढून हलवाचा हाय."

मालती म्हणाली, "हे धूड काहून आणलं?" मागच्या जागेत भाजी लावू म्हटलं. खरं कारण तिला ठाऊक आहे. बाबांना लकवा झाल्यापासून घर फार गप्प झालंय. शाळेतून आल्यावर हाताला काहीतरी काम हवं.

बाबांची खुर्ची मागच्या पडवीत हलवली. तेवढंच त्यांना बघायला. बघतात, कळतं सगळं. पण तोंडातून शब्द नाही. मालती भरवते, हा घास घ्या, तो घ्या, दिवसभर तीच बोलते.

२४ नोव्हें.

पिस्टन जाम. रॉकेल ओतून ठेवलं. सीटखाली कोंबडीची पिसं, अंड्याची टरफलं.

दोन गोष्टी कळल्या नाहीत. पेट्रोलची टाकी भरलेली होती. म्हणजे आता त्याचा काळा डिंक झालाय, पण काठापर्यंत. टाकी भरून कोणी मशीन टाकून देतं का? आणि प्लगची वायर कापलेली. उंदरांनी खाल्लेली नव्हे. चांगल्या धारेच्या हत्यारानं, एका घावात.

२९ नोव्हें.

पिस्टन सुटला!! मा.ला ओरडून बोलावलं. कणकेचे हात घेऊन आली, बघितलं, "बरं" म्हणाली आणि गेली.

रिंगा ट्रकवाल्यांच्या गॅरेजमधून घासून बसवून आणल्या. टाकी उकळत्या पाण्यानं तीनदा धुतली तरी वास जात नाही. गोडसर वास. पेट्रोलचा असा नसतो.

४ डिसें., रवि.

घाईत लिहितोय, अक्षर वाईट येईल.

दुपारी जेवण झाल्यावर नवी वायर जोडली, दोरी गुंडाळली, ओढली. बरेचदा नुसता खोकला. मग एकदम पेटला. फट फट फट, निळा धूर, अंगणातल्या चिमण्या उडाल्या. मी हसत होतो. आणि मागून आवाज आला.

"बाबी! बाजूले हो वं! बाजूले हो!"

वळलो तर बाबा. खुर्चीत पुढे झुकलेले, चांगला हात वर केलेला. तोंड वाकडं, पण शब्द स्वच्छ. परत, "बाजूले हो वं, बाबी!"

मी इंजिन बंद केलं. बाबा मागे टेकले. जवळ गेलो, गुडघ्यावर बसलो, म्हटलं बाबा बोला, अजून बोला. नाही. नुसते बघत राहिले. मालती दारात उभी. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

बाबी नावाचं आमच्या घरात कोणी नाही. आत्याला पत्र टाकावं का? पण आत्या, काकू, गावाकडच्या सगळ्या बाया आठवून पाहिल्या. कोणीच नाही.

५ डिसें.

शाळेतून आल्याबरोबर परत सुरू केला. परत तेच. तेच शब्द, तोच हात. बंद केला की गप्प.

८ डिसें.

बाबांना रिक्षात घालून धंतोलीला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर नीट ऐकून घेतात, घाई करत नाहीत. म्हणाले, लकव्यात असं होतं. ठरवून बोलता येत नाही, पण एखादी शिवी, एखादं भजन, एखादी हाक आपोआप सुटून जाते. चांगलं लक्षण आहे. आवाजानं बोलत असतील तर रोज ऐकवा.

मी विचारलं, "पण जे नाव त्यांना माहीतच नाही ते?"

"तुम्हाला माहीत नाही," डॉक्टर म्हणाले. "त्यांना नाही कशावरून?"

बरोबरच आहे. येताना हलका झालो होतो. बाबांसाठी बर्डीच्या बाजारातून मऊ पेढे घेतले.

११ डिसें., रवि.

रोज चालवतो. काही काम नसलं तरी. बाबा रोज बोलतात. ऐकायला गुप्ताजी येऊन गेले, हात जोडून म्हणाले, "चमत्कार है भैया." होय म्हटलं.

पण आज मी इंजिनकडे न बघता बाबांकडे बघितलं. ते ट्रॅक्टरकडे बघत नाहीत. नजर आधी कुंपणाच्या फाटकावर जाते. तिथून हळू हळू पुढे सरकते, जसं कोणी चालत येतंय. नजर पेरूच्या झाडापाशी थोडी थांबते. मग ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकापाशी येते. तेव्हा हात वर होतो, तेव्हा हाक येते.

तिथे काही नव्हतं. ऊन होतं.

मा. भांडी घासता घासता म्हणाली, "एक सांगू? तुमाले राग येईन. तो आवाज बाबांचा नाही."

"मग कोणाचा?"

"मले का माहीत? पण बाबांचा नाही."

मी चिडलो. नंतर पडून आठवत होतो. बाबांचा आवाज कसा होता? हाक कशी मारायचे मला? आठवेना. खरंच आठवेना.

१४ डिसें.

मा. पडवीत येत नाही आता. इंजिन सुरू केलं की ती पुढच्या दारात जाऊन बसते. घास भरवायला येते तेवढीच.

१८ डिसें., रवि.

पारशिवनीला जाऊन आलो. बसनं. देवराव संत्र्याच्या ढिगापाशी बसले होते, मला बघून उठले नाहीत. म्हणजे ओळखलं होतं मी काहून आलो ते.

विचारलं, "बाबी कोण?"

हातातलं संत्रं खाली ठेवलं त्यांनी. "तुमाले कोनं सांगतलं?"

बाबांचं सांगितलं. लकवा, इंजिन, हाक, सगळं. ते ऐकत होते आणि मान खाली खाली जात होती. मग म्हणाले, "बाबी माही पुतनी. माह्या मोठ्या भावाची, नामदेवची पोट्टी."

माझ्या मनात सगळं जुळलं होतंच. हळूच विचारलं, "ट्रॅक्टरखाली गेली का?"

"कोन? बाबी? नाही गा! रामटेकले हाय, सासरी. चांगली ठणठणीत हाय. दोन लेकरं हायेत तिले."

मी त्यांच्याशेजारी खाली बसलो. मग देवरावांनी जे सांगितलं ते असं. ट्रॅक्टर नामदेवच चालवायचा, बागेत. एक दिवस एकाएकी ओरडला, बाबी बाजूले हो, आणि ब्रेक मारून उडीच टाकली खाली. पायाला लागलं. बाबी तेव्हा मामाच्या गावी होती, लहान होती. लोक हसले. दुसऱ्या दिवशी परत. तिसऱ्या दिवशी परत. दर वेळी त्याला ती चाकासमोर येताना दिसायची. शेवटी एका सकाळी टाकी भरली, चढायला गेला, थांबला, आणि विळ्यानं वायर कापली. पोरीला ट्रॅक्टरच्या आसपास कधी फिरकू दिलं नाही. पुढे तापानं गेला नामदेव. नंतर कोणी हात लावला नाही.

"मग मला काहून दिला?"

देवराव पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिले.

"तुमच्या घरी बाबी नावाचं कोनी नाही ना मास्तर. म्हनून."

बसमध्ये विचार करत आलो. जे कधी घडलंच नाही त्याची हाक बाबा मारताहेत. नामदेवला बाबांनी कधी पाहिलेलं नाही. मी तर नावही आज ऐकलं.

मालतीला सगळं सांगितलं. वाटलं होतं, भंगारात घाला म्हणेल. ती फक्त म्हणाली, "म्हणजे त्या माणसानं बाजूले व्हायला लावलं म्हणून ती वाचली."

"कशातून वाचली?"

"ते का दिसते का कोणाले," म्हणाली.

२२ डिसें.

सुरू केला नाही, तीन-चार दिवस. वर ताडपत्री टाकली.

बाबा जेवत नाहीत. मा. घास पुढे करते, ते तोंड फिरवतात. ताडपत्रीकडे बघत बसतात. डोळ्यांतून पाणी येतं. ते लकव्यामुळेही येतं, डॉक्टरांनी सांगितलं होतं. पण...

घर परत गप्प. आधी सवय होती, आता सहन होत नाही. बोललेलं ऐकल्यावर गप्प राहणं वेगळं असतं.

२५ डिसें., रवि.

काढली ताडपत्री. मालतीच म्हणाली काढा. बाबांनी दुपारी पोटभर खाल्लं, इंजिन चालू असताना, हाका मारता मारता.

आज फण लावून मागची जमीन नांगरली. छान माती सुटली, काळी, ओलसर. मजा येत होती, सगळं विसरलो होतो. आणि पेरूच्या झाडापाशी माझा पाय ब्रेकवर गेला. मी नेला नाही. समोर कोणी नव्हतं. पाय दाबून धरलेला, आणि मागून बाबांची हाक त्यानंतर आली. माझ्या पायानंतर.

हे मालतीला सांगितलेलं नाही.

१ जानेवारी १९७८, रवि.

बाबी आली होती.

देवरावांनीच तिच्या कानावर घातलं म्हणे. त्यांना घेऊन सकाळच्या गाडीनं आली. सावळी, उंच, हसरी बाई. नऊवारी नाही, पाचवारी. मालतीसाठी डबाभर तिळाचे लाडू आणले. देवराव फाटकाबाहेरच उभे राहिले, आत यायला तयार नाहीत.

"माह्या बापानं मले त्या मशिनीपाशी कधी जाऊ नाही देल्लं," ती म्हणाली. "माहं नाव घेऊन रडे थो झोपीत. काय पाहे, कधी सांगतलं नाही. मले एकदा ऐकाचं हाय, दादा. बाकी काही नाही."

मी नको म्हटलं. देवराव बाहेरून नको नको म्हणत होते. ती मालतीकडे वळली. "ताई, तुमी सांगा वं त्याइले." मालती म्हणाली, "ऐकू द्या. तिचंच आहे ते."

ठरलं असं की बाबीनं पडवीत बाबांच्या खुर्चीमागे उभं राहायचं, पायरीखाली उतरायचं नाही. देवरावांना फाटक लावून घ्यायला सांगितलं. मालती आत, चहा टाकायला गेली.

दोरी ओढली. पहिल्याच ओढीला पेटला. कधी पेटत नाही असा.

बाबांची नजर फाटकाकडे गेलीच नाही. हात मांडीवर तसाच. बाबी त्यांच्या मागे उभी, पदर तोंडाशी. इंजिन चालू, धूर चालू, आणि बाबा गप्प. मी मनात म्हटलं, संपलं. ती आली, आणि संपलं. इतकं बरं वाटलं मला. बाबी रडत होती आणि हसत होती. बाबांच्या खांद्यावर तिनं हात ठेवला.

तेव्हा बाबांनी मान वळवली. स्वैपाकघराच्या दाराकडे. नजर दारातून निघाली, हळू हळू पडवीतून गेली, पायरी उतरली, अंगणात आली.

"मालती," बाबा म्हणाले. "मालती, बाजूले हो वं."

मी इंजिन बंद केलं. मालती आतच होती. कपबशीचा आवाज येत होता. तो थांबला.

बाबी चहा न घेता गेली. जाताना मालतीला मिठी मारली. देवरावांनी माझ्याकडे बघितलंही नाही.

२ जाने.

शाळेत लक्ष नव्हतं. एक पोरगं फळ्यावर गणित चुकवून उभं होतं, मी बघतच राहिलो. ठरवून आलो की आज गॅरेजवाल्याला बोलावतो, तोडून घेऊन जा म्हणतो. वायर मीच कापतो.

घरी आलो तर ताडपत्री काढलेली. बाबांची खुर्ची पडवीच्या अगदी कडेला आणलेली. केस नीट विंचरलेले, अंगात धुतलेला सदरा. मालती ट्रॅक्टरपाशी उभी, दोरी इंजिनच्या चाकावर गुंडाळून ठेवलेली. मी करतो तशीच, बघून बघून शिकली असेल.

"एकदा सुरू करा," म्हणाली. "एकदाच."

मी म्हटलं, तुला वेड लागलंय का? नामदेवचं सांगितलं ना तुला? काल ऐकलं ना?

"कुठी ऐकलं? मी आत होती. कपबशा वाजत होत्या. अर्धंच आलं कानावर." मग पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "लग्न होऊन आले तेव्हापासून त्यांनी कधी माझं नाव नाही घेतलं. 'अवं' म्हणत. 'पोरी' म्हणत. लकवा झाल्यापासून दोन्ही वेळ घास माझ्याच हातचा. मले एकदा ऐकाचं आहे."

"ते तुला बाजूला हो म्हणतात, मालती."

"म्हणू द्या ना. होईन मी बाजूला."

आणि गेली, अंगणाच्या टोकाला विहीर आहे तिच्या पलीकडे जाऊन उभी राहिली, ट्रॅक्टरपासून जितकं लांब जाता येईल तितकं. तिथून विचारलं, "इथं बरी आहे ना? इथं काही होते का?"

नाही होत काही तिथं. विहिरीला कठडा आहे, पक्का आहे. मधे अख्खं अंगण आहे.

चहा घेऊन येतो, मग करतो, असं सांगून आत आलो. चहा केलेला नाही. हे लिहीत बसलोय. खिडकीतून ती दिसते, उन्हात, डोळ्यावर हात धरून उभी आहे. बाबाही दिसतात. इंजिन बंद आहे, आणि बाबांनी चांगला हात खुर्चीवरून उचललाय, थोडासाच. नजर तिच्यावर आहे. तिच्यावर नाही. तिच्या जरा मागे.

मालती हाक मारतेय. येतो म्हटलंय.