वायरीला विचारायचं

अण्णा, आज कारखान्यातून घरी आले आणि पहिलं तुम्हालाच सांगावंसं वाटलं. मी सातवीत असेन. आपल्या गावच्या साखर कारखान्यात बंद हंगामातली दुरुस्ती चालली होती आणि मी तुमचा डबा घेऊन आले होते. तुम्ही तिथले फिटर, तापमान दाखवणारी काट्यांची घड्याळं तुमच्याकडे. कुठली वायर कुठल्या पाइपाची ते वहीत लिही म्हणालात. मी वायरींच्या चिठ्ठ्या वाचून भराभरा लिहिलं आणि शाबासकीची वाट बघत उभी राहिले. तुम्ही लई भडकलात. "चिठ्ठी कुनी बांधली? मान्सानं. त्याचं ध्यान कुठं हुतं, तुला काय ठावं? वायरीला इचार!" आता वायरीला काय विचारायचं, कपाळ! मग तुम्ही तिचं पाइपातलं टोक काढून गरम चहाच्या ग्लासात बुडवता आणि समोरच्या रांगेतला एकच काटा टुणकन उडतो. "बघ, बोलली."

आता मी तेच काम कॉम्प्युटरवर करते. माझा प्रोग्राम चालू झाला की प्रत्येक सेन्सरला विचारतो, तू कोण? सेन्सर आपला जन्मजात नंबर सांगतो. त्याला कुणी फसवू शकत नाही, असा मला माज होता. आज कोपरगावकडच्या एका साखर कारखान्यात त्याची चाचणी होती. नापास झाला असता तर आठ महिन्यांची मेहनत वाया. रस तापवायच्या यंत्रात नुसतं पाणी सोडलं, तर पडद्यावर आत जाताना ब्याण्णव, बाहेर पडताना पस्तीस! चीफ इंजिनिअर म्हणाले, "बाई, आम्हाला साखर करायचीय, बर्फ नाय पाडायचा." सगळे खो खो हसले. नंबर तर बरोबर होते. पण कुठला नंबर कुठल्या पाइपात, ते मी चिठ्ठ्या वाचूनच भरलं होतं. तुमची लेक ना मी! तांब्याभर गार पाणी मागवलं, बाहेरच्या पाइपातला सेन्सर काढून त्यात बुडवला. पडद्यावर 'आत'चा आकडा धाडकन खाली आला. चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली होती. नावं बदलली आणि चाचणी पास झाली. आता माझा प्रोग्राम सेन्सरला असं बुडवून दाखवल्याशिवाय त्याची जागा लिहूनच घेणार नाही. चीफ साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं, ही युक्ती कुणाची? मी ताठ मानेनं म्हणाले, माझ्या वडलांची, ते फिटर होते. अण्णा, ऊर असा भरून आला म्हणून सांगू!

तुम्ही आता नाही, हे पत्र कुठं टाकायचंही नाही, म्हणून उरलेलंही लिहिते. युक्तीचं विचारायच्या आधी साहेब चिठ्ठ्या बांधणाऱ्या तिथल्या फिटरला फाडफाड बोलत होते. तुमच्याच वयाचा माणूस, हातात टोपी धरून उभा. जागा तपासणं माझं काम होतं, चूक माझी, असं मी म्हणाले. घरी सगळ्यांना सांगितलं, मी हे लगेच म्हणाले म्हणून. लगेच नाही म्हणाले, अण्णा. आधी माझा प्रोग्राम पास झाल्याची सही होऊ दिली.